मिस्त्रीची हाळी

पेनिमनसाहेबांचं घर पाडायला ऐंशी माणसं दुपारची जेवणं उरकून आली, आणि तासभर घाम गाळूनही घर काही पडेना.

खिडक्या फुटल्या, दारं निखळली. घड्याळं, आरसे, बाईसाहेबांचे रेशमी झगे, सगळं अंगणात येऊन पडलं. परसातली सफरचंदाची झाडंसुद्धा कुणीतरी विनाकारण तोडून टाकली. पण मूळ सांगाडा जागचा हलला नाही. ओकच्या खांबावर कुऱ्हाड हाणली की ती उसळून हाणणाऱ्याच्याच अंगावर यायची. एकाची नडगी फुटली, दुसऱ्याचा अंगठा गेला, आणि माणसं जास्तच पिसाळली. शेवटी गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरे, ज्याने बांधलंय त्यालाच विचारा की." त्याबरोबर सगळी तोंडं विहिरीकडे वळली. तिथे जेबेझ टोलमन उभा होता.

जेबेझ म्हणजे वेस्टरफील्ड बंदराचा सुतार मिस्त्री. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, पण हे घर त्यात उजवं. नऊ वर्षांपूर्वी त्याने ते उभं केलं तेव्हा सांगाड्यात लोखंडाचा एकही खिळा वापरला नव्हता. सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर तोललेले. त्याला या घराचा गर्व होता आणि तो लपवण्याइतका साधा माणूस तो नव्हता.

पण आज तो घर पाडायला आला नव्हता. तो आला होता मुलीला न्यायला. हिटी एकोणीस वर्षांची, आईवेगळी, तीन वर्षांपासून पेनिमनांकडे घरकामाला होती. गाव या घरावर चालून येणार हे सकाळीच ठरलं होतं, आणि जेबेझला एवढंच हवं होतं की पोरगी त्या आधी बाहेर पडावी. ती पडली नाही.

भांडण स्टॅम्पचं होतं. लंडनच्या पार्लमेंटाने ठरवलं की येत्या नोव्हेंबरपासून इथल्या वसाहतींत खरेदीखत असो, मृत्युपत्र असो, वर्तमानपत्र असो की पत्त्यांचा जोड, राजाचा शिक्का मारलेल्या कागदाशिवाय चालायचं नाही, आणि त्या शिक्क्याचा कर भरायचा. वेस्टरफील्डचा एकही माणूस त्या पार्लमेंटात बसत नव्हता, आणि तिथे बसणाऱ्यांपैकी एकानेही वेस्टरफील्ड पाहिलं नव्हतं. माणसं चिडली यात नवल काहीच नाही. नवल पेनिमनसाहेबांचं. वसंतात भरलेल्या गावसभेत याच कराविरुद्ध ते टेबलावर मुठी आपटत बोलले होते, आणि उन्हाळ्यात तोच शिक्क्याचा कागद विकायची राजाची नेमणूक त्यांनी खिशात घातली. पार्लमेंट समुद्रापलीकडे होतं. पेनिमन इथे होते, आणि त्यांच्या घराला खिडक्या होत्या.

जेबेझचा राग इतरांपेक्षा काकणभर जास्तच होता. मागच्या आठवड्यात ग्रिडलीच्या खानावळीत रम चढल्यावर तो बाकावर उभा राहून म्हणाला होता, "मी बांधलेल्या घरात मीच त्याला गाडीन." टाळ्या पडल्या. बोलणं रमचं होतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गावभर झालं आणि हिटीच्या कानावर गेलं. तेव्हापासून ती बापाशी बोलली नव्हती.

आज माणसांनी आधी साहेबांचा शोध घेतला. हिटी दारात उभी राहून म्हणाली, साहेब पहाटेच बाईसाहेबांबरोबर गाडीने खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्यात गेले. कुणाला ते पटलं नाही. माळ्याला धरून विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून त्याला मारलं. तो म्हातारा जबडा मोडून फाटकाशी पडला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. गाद्या फाडल्या, पिंपं उलथी केली, पोटमाळ्यावर भाले खुपसले. अंगणात डांबराची कढई चढवलेली होती. फाडलेल्या उशांमधली पिसं शेजारी ढिगाने पडली होती. शेजारच्या बंदरात गेल्या महिन्यात एका जकातीच्या खबऱ्याला असंच डांबर फासून पिसं चिकटवली, तेव्हा डांबर उतरवताना कातडीही उतरली होती. ज्या गाडीतून त्याची धिंड काढली, तिलाच त्याला लपवणाऱ्या बाईला त्यांनी बांधून फिरवलं होतं.

जेबेझ त्या शोधणाऱ्यांबरोबर खोल्याखोल्यांतून फिरला. पूर्वेच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीशेजारची भिंत लाकडी फळ्यांनी मढवलेली होती. तिच्यातली एक फळी केसभर बाहेर आलेली त्याने पाहिली. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. त्या फळीमागे, धुराड्याच्या विटांना लागून, माणूसभर उंचीची पोकळी होती. जकात चुकवून आणलेली दारूची पिंपं ठेवायला पेनिमननी ती खास त्याच्याकडून करून घेतली होती. राजाचे चाकर होण्याआधी साहेब राजाला फसवण्यात बंदरातल्या कुणाला हार जाणारे नव्हते. आता त्या पोकळीत साहेब स्वतः होते, आणि फळी बाहेरून हिटीने लावली होती.

म्हणजे साहेब सापडले तर डांबर त्यांना आणि हिटीला, दोघांना होतं. तोंड बंद ठेवणं एवढंच जेबेझच्या हातात होतं, आणि ते त्याने ठेवलं.

आता ग्रिडली त्याच्याकडे आला. हा खानावळवाला गर्दीचा पुढारी. मोठा गोड बोलणारा माणूस, रागावला की आणखी गोड. "मिस्त्री, तुझी विद्या दाखव बाबा," तो म्हणाला. "आमच्या कुऱ्हाडींची लाज निघाली."

जेबेझ म्हणाला, ओक आहे, राहू द्या, खिडक्या फोडल्यात ते पुरे.

"राहू कसं देऊ? मग जाळू. डांबर आहेच."

जेबेझने घराकडे पाहिलं. आग लागली तर विटांच्या कुशीतला माणूस भाजून निघेल, किंवा किंचाळत बाहेर पडेल. एका क्षणात त्याने हिशेब केला. धुराडं घराच्या बरोबर मधोमध होतं आणि पश्चिमेचा अर्धा भाग त्याला जखडलेला होता. नुसता पूर्वेचा अर्धा ओढून काढला तर धुराडं उभं राहील, फळीमागचा माणूस वाचेल, आणि ऐंशी माणसांना एक पडलेलं घर मिळेल. हे करू शकणारा माणूस गावात एकच होता.

"जाळू नका, वारा गावाकडे आहे," तो म्हणाला. "मी पाडतो. पण मी सांगेन तसं."

जो जल्लोष झाला तो ऐकून फाटकापाशी उभ्या हिटीचा चेहरा पांढरा पडला. जेबेझ तिच्याजवळ गेला. दोन्ही बाजूंना माणसं होती, त्यातला एक तर कान देऊनच उभा होता. "घरी जा," तो म्हणाला.

"बाबा, हे करू नका."

"घरी जा म्हणतो ना. तुला काही कळत नाही."

"मला सगळं कळतं. तुम्ही खानावळीत काय बोललात तेही कळलंय."

त्याला तिला सांगायचं होतं. तिचा हात धरून नुसता दाबला असता तरी कदाचित पुरलं असतं. पण लोक बघत होते, आणि त्याने तिला खांद्याला धरून रस्त्याकडे ढकललं. ती चालू लागलेली पाहूनच तो वळला.

कामाला लागण्याआधी तो एकटा बैठकीच्या खोलीत गेला. सांधे तपासतो म्हणून मोगरीने खांब ठोकत ठोकत तो फळीजवळ आला आणि हळू म्हणाला, "साहेब, काही झालं तरी उघडू नका. पूर्वेची बाजू पाडतोय. धुराडं उभं राहील, तुम्ही वाचाल." आतून साहेबांनी नखाने विटेवर एकदा खरवडलं. मग त्याने वरखाली सगळ्या खोल्या स्वतः पाहिल्या. घर रिकामं होतं.

पुढच्या तासाभरात त्याने जे केलं त्यात त्याला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलायचं. कुठली खुंटी आधी ठोकून काढायची, कुठली शेवटपर्यंत ठेवायची, कुठला तिरका आधार कापला की कोपऱ्याचा खांब लंगडा होईल, हे सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. स्वतःच्या कामाचा मर्मभेद करताना त्याचे हात जराही चुकले नाहीत. गलबतांचे चार जाड दोर वरच्या तुळईला बांधले आणि रस्त्यापर्यंत आणले. एकेका दोराला वीस वीस माणसं लागली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हाळीची वाट पाहत उभी राहिली.

वेस्टरफील्डमध्ये घर उभं करायला अख्खा गाव लागतो. भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा जुळवतात, आणि मिस्त्रीच्या हाळीसरशी सगळे मिळून तो उचलतात. एकदा त्याने जमीन सोडली की थांबणं नाही. अर्ध्यावर थांबला तर खालचे मेले. म्हणून धडपणे चालता येण्याआधी प्रत्येकाला शिकवलेलं असतं की मधे कुणीही काहीही ओरडो, कुणाचं बोट जावो, कुणी विनवो, ऐकायचं नाही. मान खाली, नजर पायांवर, आणि ओरडा ऐकला की आणखी जोर. या शिस्तीमुळे चाळीस वर्षांत गावात एकही माणूस सांगाड्याखाली मेला नव्हता.

जेबेझने पहिली हाळी दिली. दोर ताणले, घर कण्हलं. दुसरी हाळी दिली तशा आतल्या खुंट्या एकामागून एक कडाकड मोडल्या आणि कोपऱ्याचा खांब पायातल्या तुळईतून उखडला. त्याने तिसरी दिली. पूर्वेची भिंत जागा सोडून रस्त्याकडे झुकू लागली, आणि त्याच वेळी बैठकीच्या खोलीच्या फुटक्या खिडकीत त्याला पांढरी टोपी दिसली.

हिटी मागच्या बाजूने, स्वयंपाकघरातून आत शिरली होती. तिची पाठ खिडकीकडे होती आणि ती दोन्ही मुठींनी फळीवर मारत होती.

"थांबा," जेबेझ ओरडला.

ऐंशी माना आणखी खाली गेल्या आणि दोर आणखी ताणले.

तो पुन्हा ओरडला, तिचं नाव घेऊन ओरडला. त्यांनी त्याच्या प्रत्येक ओरडण्यासरशी आणखी जोर लावला. तो पहिल्या दोराकडे धावला आणि पुढच्याच माणसाच्या तोंडावर त्याने ठोसा हाणला. नाक फुटून रक्त माणसाच्या छातीवर आलं, तरी त्याने दोर सोडला नाही, डोळेही वर केले नाहीत. जेबेझने कमरेला खोचलेला लाकूड तासायचा वाकस उपसला आणि दोर तोडला. वीस माणसं एकमेकांवर कोसळली. उरलेले तीन दोर साठ माणसांच्या हातात होते. दुसऱ्या दोरावर त्याने वाकस घातला तो एकाच्या मनगटावर बसला, आणि तो माणूस बोंबलला, आणि त्या बोंबेनेही बाकीच्यांनी जोरच लावला.

भिंत आली. तिच्यामागून वरचा मजला आला, आणि त्याच्यामागून छपराचा अर्धा भाग. धूळ एवढी उडाली की काही वेळ कुणालाच काही दिसलं नाही. धूळ बसली तेव्हा धुराडं उभं होतं, मिस्त्रीने म्हटलं होतं तसंच.

जेबेझ त्या ढिगाऱ्यात हातांनी उकरत होता. त्याला ती मुख्य तुळईखाली सापडली. ती ओकची तुळई त्याने स्वतः जंगलात जाऊन निवडली होती. हिटीचा चेहरा आणि एक हात बाहेर होता, छातीपासून खाली काही उरलं नव्हतं. त्याने तिच्या तोंडावरची माती पुसली. तिने डोळे उघडले, आणि त्याला ओळखलं, हे त्याला स्पष्ट दिसलं. ती त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती माया नव्हती. तो घाईघाईने सांगू लागला, की धुराडं उभं राहणार होतं, की तो साहेबांना वाचवत होता, की ही बाजू त्याने मुद्दाम निवडली. बराच वेळ सांगत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की तो मेलेल्या पोरीला सांगतोय.

दहा हातांवर धुराड्याशेजारची फळी उघडली आणि पेनिमनसाहेब खोकत बाहेर आले. अंगावर नुसती धूळ, खरचटलंही नव्हतं. गर्दीने त्यांना उचलून कढईपाशी नेलं. एकाने पळीभर कढतं डांबर त्यांच्या हातावर ओतलं, नुसती चव म्हणून, आणि ते असे किंचाळले की घोडे बुजले. मग त्यांनी राजीनामा दिला. हॅट उडवून तीनदा "स्वातंत्र्य" म्हण असं ग्रिडलीने फर्मावलं, आणि ते म्हणाले. ऐंशीच्या ऐंशी हॅट आकाशात उडाल्या. गावाला जे हवं होतं ते मिळालं होतं. ढिगाऱ्याच्या या बाजूला काय आहे हे अजून बहुतेकांना माहीत नव्हतं.

साहेबांना तिथून नेत असताना त्यांनी जेबेझला पाहिलं, त्याच्या मांडीवरचं डोकं पाहिलं, आणि ते थांबले. भाजलेला हात पोटाशी धरून ते म्हणाले, "मी आतून फळी धरून ठेवली होती, टोलमन. तू सांगितलंस तसं. मी तिला ओरडून सांगितलं, तुझ्या बापाचा निरोप आहे, तू निघ. ती म्हणाली, माझा बाप तुम्हाला मारायला निघालाय."

जेबेझने मान वर केली नाही.

हिटीला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रिडली त्याच्या घरी आला. सोबत भाकरी आणि खारवलेलं डुकराचं मांस आणलं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही होतं, खरंखुरं. त्याने वर्तमानपत्रात काय छापून येणार ते सांगितलं. घर अतिशय शिस्तीत उतरवण्यात आलं, कुणाला इजा झाली नाही. हिटी बापाच्या कोठारात शिडीवरून पडली.

जेबेझ म्हणाला, "हाळी माझी होती. तसं लिहा."

"लिहिलं असतं, मिस्त्री. पण राजाचे शिपाई आले तर विचारतील, हाळी कुणाची. तू म्हणशील, माझी. मग विचारतील, दोर कुणाच्या हातात होते." ग्रिडलीने भाकरी त्याच्याकडे सरकवली. "फास एकट्या तुझ्यासाठी वळला जायचा नाही. खाऊन घे."

जेबेझने रविवारपर्यंत वाट पाहिली. त्यांच्या प्रार्थनाघरात एक जुनी रीत आहे. ज्याच्या हातून पाप घडलं त्याने मधल्या वाटेत उभं राहून सगळ्यांदेखत ते सांगायचं. मंडळी ऐकून घेतात, आणि मग हात वर करून त्याला पुन्हा आपल्यात घेतात. व्यभिचार, चोरी, दारू, सगळं तिथे सांगितलं गेलं होतं, आणि आजवर कुणालाही मधे अडवलेलं नव्हतं.

प्रवचन संपलं आणि जेबेझ उठून मधल्या वाटेत आला. तो कशासाठी उठला हे प्रत्येकाला कळलं. "मी जेबेझ टोलमन," तो म्हणाला, "मी माझ्या मुलीला..."

मंडळीचा कारभारी डीकन ताडकन उभा राहिला आणि त्याने स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. गावात पुस्तकं थोडी, म्हणून डीकन एक ओळ सांगतो आणि मंडळी ती गातात, असंच तिथे चालत आलंय. सगळं प्रार्थनाघर उभं राहिलं. दोर धरणारे ऐंशी जण पुढे होते, त्यात नाक फुटलेला होता, मनगटाला पट्टी बांधलेलाही होता. मागे त्यांच्या बायका. सगळे गायला लागले.

जेबेझ मोठ्याने बोलू लागला. त्याचा आवाज लहान नव्हता, त्या आवाजावर घरं उभी राहिली होती. तो हिटीचं नाव घेऊन बोलत होता, दोरांचं सांगत होता. त्यांनी आवाज चढवला. काही बायका रडत होत्या आणि रडता रडता गात होत्या. पाद्री खाली पुस्तकात बघत होते. डीकनने दुसरी ओळ दिली, मग तिसरी. जेबेझचा घसा फाटला तरी त्याचं एक अक्षर भिंतीपर्यंत पोचलं नाही.

चौथ्या ओळीला त्याच्या लक्षात आलं की आपण बोलत नाही आहोत, आपण गातोय. पन्नास वर्षं दर रविवारी डीकनने ओळ दिली की त्याचं तोंड उघडत आलं होतं, आणि आताही ते आपोआप उघडलं होतं. त्याने ते मिटायचा प्रयत्न केला. मिटेना. शेवटच्या ओळीपर्यंत तो सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून गात राहिला, आणि स्तोत्र संपल्यावर सगळे बसले तेव्हा तोही बसला.